बारा डोळे

२ मार्च

बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न उघडता केराच्या टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता आमच्या थिएटरच्या मोठ्या सिस्टरांकडून लिहून घेतला. फसवलं म्हण हवं तर. एकवीस वर्षांत तू माझा एकही फोन उचललेला नाहीस, त्यापुढे ही फसवणूक किरकोळ आहे.

आई बरी आहे. चौऱ्याऐंशी झाली, कान तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. दर रविवारी तुझा फोन आला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते आणि भांडी घासत उभी राहते, म्हणजे मला ऐकू येत नाही असं तिला वाटावं. सगळं ऐकू येतं. गुडघा दुखतोय म्हणालास ना? चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून लोकांचे डोळे तपासत असशील. एक स्टूल घे. त्रेपन्न वर्षांचा घोडा झालास तरी सांगावं लागतं.

आता कामाचं बोलते. बंदराच्या गावातलं आपलं शिबिर आठवतं का? तू डोळे मोजायचास, मी ऑपरेशनं करायचे. तेव्हा तू एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक डोळ्याची मापं लिहायचास. ती वही तुझ्याकडे असेल तर मला पाठव. संस्थेला तीस वर्षं होतायत, जुन्या वस्तूंचं छोटं प्रदर्शन मांडायचं चाललंय.

चोवीस तारखेच्या आत पोचली तर बरं. चोवीसला मोठा करार आहे. चौदा देशांची आरोग्य खाती एकदम सह्या करणार आहेत, आणि त्यांच्या सगळ्या मोतीबिंदू शिबिरांत आपली रांग पद्धत सुरू होणार आहे. सकाळीच सगळ्या रुग्णांच्या लेन्स क्रमाने ट्रेमध्ये लावून ठेवायच्या, सिस्टरांनी शोधाशोध न करता पुढची उचलून हातात द्यायची. डोळ्यामागे दीड मिनिट वाचतं, शंभर डोळ्यांमागे अडीच तास. तू तेव्हा तिला लेन्सची परेड म्हणून चिडवायचास. आता त्या परेडचं पुस्तक निघालंय आणि माझा फोटो मागच्या पानावर आहे. फोटोत मी आत्यासारखी दिसते.

वही विसरू नकोस.

ताई

६ मार्च

बारक्या,

चार दिवस झाले. टपालाने येणारी वही चार दिवसांत येत नाही हे मलाही कळतं, पण तू ती पाठवलेलीच नाहीस हेही कळतं.

प्रदर्शन-बिदर्शन काही नाही. थाप मारली.

झालंय असं, की करार करण्याआधी त्या चौदा देशांनी एक तपासनीस नेमलीय. चौतीस वर्षांची डोळ्यांची डॉक्टर, सडपातळ, कानामागे कायम पेन्सिल खोचलेली. थिएटरमध्ये सगळे तिला पेन्सिलच म्हणतात. बोलायला इतकी गोड की ती गेल्यावर अर्ध्या तासाने कळतं, आपल्याला काय विचारून गेली. पद्धतीची सुरुवात जिथून झाली त्या शिबिराची मूळ कागदपत्रं तिला हवी होती. मी दिली. सत्तेचाळीस केसपेपर, प्रत्येकावर बसवलेल्या लेन्सच्या डबीचा स्टिकर. आणि मोजणीची यादी, माझ्या अक्षरातली साफ प्रत.

काल ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, "मॅडम, एक्केचाळीस नंबरचा डोळा इतका आखूड आहे. त्याला चौदाची लेन्स कशी काय?"

आखूड डोळ्याला मोठ्या नंबरची लेन्स लागते हे शिकाऊ मुलांनाही पाठ असतं. त्या डोळ्याला सव्वीसची हवी होती. साफ प्रत करताना मी लेन्सचा रकाना स्टिकरशी जुळवून घेतला आणि लांबीचा रकाना बदलायचा राहून गेला. एकवीस वर्षं तो कागद फायलीत होता, कोणी ढुंकून पाहिलं नाही. आणि ही बाई पेन्सिल घेऊन रकान्यामागून रकाना उतरत गेली. मी म्हटलं, "जुनी नोंद आहे, लिहिताना चूक झाली असेल, मूळ वही शोधते."

मूळ वहीत काय आहे ते तुला माहीत आहे. तरी मी लिहिते, कारण त्या दिवसानंतर आपण दोघं त्याबद्दल शांतपणे बोललोच नाही.

छत्तीस नंबरचे आजोबा. डोळ्यात थेंब घालून झालेले, डोक्यावर हिरवी टोपी चढवलेली, बाकावर बसलेले, आणि ऐन वेळी त्यांना लघवीला लागली. मी म्हटलं, पुढच्याला घ्या, यांना शेवटी घेऊ. माणूस रांगेतून उठला आणि त्याची लेन्स ट्रेमध्ये जागेवरच राहिली. सदतीसला छत्तीसची बसली, अडतीसला सदतीसची, आणि तशीच पुढे सत्तेचाळीसपर्यंत. आजोबा शेवटी आले, त्यांना सत्तेचाळीसची बसली. बारा माणसं, बारा डोळे, प्रत्येकात दुसऱ्या कोणाची तरी लेन्स. एखादी जरी उरली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण ट्रे बरोब्बर रिकामा झाला, आणि मी हातमोजे काढून मस्त आळस दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या काढायला अर्धा तास राहिलेला असताना तू वही आणि केसपेपर घेऊन आलास. चेहरा पांढराफटक. "ताई, छत्तीसपासून पुढे एकही जुळत नाहीये." बाहेर पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, फोटोवाले आलेले. मी म्हटलं, आधी पट्ट्या काढू.

काढल्या. आणि सगळे म्हणाले, दिसतंय. म्हणणारच ना, दोन-दोन वर्षं काळोखात काढलेली माणसं ती.

वही माझ्याकडे पाठव. तिच्याकडे नको.

ताई

११ मार्च

बारक्या,

पेन्सिलने तुलाही पत्र लिहिलंय हे आज कळलं. तिनेच सांगितलं, चहाचा कप हातात घेऊन, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी. "मोजणी कोणी केली होती ते जुन्या हजेरीपटावर सापडलं. तुमचे भाऊ ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तू उत्तर देऊ नकोस. मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे, तुला शाळेत हात धरून मी नेलंय, तुझी फी भरायला आईबरोबर मी रांगेत उभी राहिलेय. तेवढ्यासाठी तरी देऊ नकोस.

आणि एकदा नीट विचार कर. ते शिबिर सोडलं तर मी आजवर कोणाचं काय वाईट केलं? वाळवंटात तंबू ठोकून ऑपरेशनं केली. बेटावर वीज गेली तेव्हा गाडीच्या बॅटरीवर मायक्रोस्कोप चालवला. डोंगरातल्या शाळेत बाकांना बाक जोडून टेबल केलं आणि तिथल्या तीन पोरींना इतकं तयार केलं की आज त्या माझ्यापेक्षा सफाईने काम करतात. नऊ देशांत मी डॉक्टर शिकवले. लग्न नाही केलं, सुट्टी नाही घेतली, कंबरेची वाट लागली. हे सगळं एका म्हाताऱ्याच्या लघवीपायी पाण्यात घालवू?

बघ, मी चिडले की अशी बोलते. तुला माहीत आहे.

पेन्सिलने आणखी एक विचारलं, ते मात्र झोंबलं. म्हणाली, "तुमचे सगळे व्हिडिओ बघितले मॅडम. रुग्ण टेबलावर आला की तुम्ही त्याला नाव विचारता, मग डबीवरचं नाव वाचता, मगच सुरू करता. पुस्तकात ही पायरी नाही."

मी म्हटलं, "सवय आहे. बडबडी बाई मी."

"कधीपासूनची?"

मी उत्तर दिलं नाही. तुला देते. बंदराच्या गावापासूनची. त्यानंतर एकाही डोळ्याला मी नाव विचारल्याशिवाय हात लावलेला नाही. पण पुस्तकात ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं की ही पायरी नंतर का आली. शिवाय वाचणाऱ्या दीड मिनिटातलं अर्धं मिनिट त्यात गेलं असतं, आणि त्या दीड मिनिटावरच तर सगळे लट्टू आहेत. म्हणजे माझ्या टेबलावर माणूस सुरक्षित, आणि चौदा देशांतल्या टेबलांवर कोणी लघवीला उठला की पुन्हा तेच. हे मला कळतं. रोज सकाळी आंघोळ करताना कळतं आणि कपडे घालेपर्यंत मी त्यावर काहीतरी तोडगा काढते. करार होऊ दे, मग दुसऱ्या आवृत्तीत घालू, असा.

आणि अहवालातलं ते वाक्य. "मोजणी करणारा तंत्रज्ञ अननुभवी असल्यामुळे काही रुग्णांत अपेक्षित दृष्टी मिळाली नाही." तू तेव्हा नऊ वर्षं डोळे मोजत होतास. तुझ्याइतका पक्का हात मी आजपर्यंत दुसरा पाहिला नाही. ते वाक्य समितीने घातलं असं मी आईला सांगितलं होतं.

मी घातलं होतं. माझ्या हाताने टाइप केलं.

त्यानंतर तुला कुठल्याच हॉस्पिटलने उभं केलं नाही, हेही मला माहीत आहे.

ताई

१६ मार्च

बारक्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे नळ सोडून उभी होते. आई मोठ्याने म्हणाली, "अगं, तो विचारतोय, त्या तिघांचं काय झालं? कोण तिघं?"

मी नळ बंद केला. एवढं पाणी वाहत होतं तरी हात कोरडेच होते, भांडं घेतलंच नव्हतं. मी ओरडून सांगितलं, "पत्र लिहिते म्हणावं." फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे बघत बसली. जेवली नाही.

तर तेच लिहायला बसलेय. यापेक्षा अवघड ऑपरेशन परवडलं.

बारापैकी नऊ जणांचा फरक थोडा होता, एक-दीड नंबरचा. त्यांना आपण तयार चष्मे दिले आणि त्यांचं भागलं. उरले तीन. चाळीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. क्रेन चालवणारा, घड्याळ दुरुस्त करणारे आणि शिवणकाम करणारी. त्यांचा फरक मोठा होता. तू म्हणालास, या तिघांच्या लेन्स बदला, नाहीतर मी स्वतः जाऊन त्यांना सांगतो. मी तुला शब्द दिला. महिन्याभराने निरोप पाठवला की तिघांना शहरात बोलावून लेन्स बदलल्या, तिघंही उत्तम आहेत. तुझं-माझं तोवर फाटलंच होतं, पण तेवढ्या एका निरोपावर तू गप्प बसलास. नाहीतर तू गप्प बसणारा नव्हेस.

मी त्यांना बोलावलं नव्हतं.

बोलावलं असतं तर दुसरं ऑपरेशन कशाला, हे तिथल्या रजिस्टरवर लिहावं लागलं असतं. थांबू, जखम भरू दे, असं करत करत मी दुसऱ्या देशात निघून गेले. तिथे दिवसाला साठ डोळे होते. साठ डोळ्यांत तीन विसरता येतात. विसरता येतात असं म्हणते, पण त्यांचे नंबर बघ, मला पाठ आहेत.

अजून संपलं नाही. लेन्स नाही बदलली तर नाही, निदान चष्मा देता आला असता. एक्केचाळीसला आठ नंबरचा चष्मा दिला असता तर त्यांना त्याच दिवशी स्वच्छ दिसलं असतं. पण ऑपरेशन झालेल्या माणसाच्या नाकावर बाटलीच्या बुडाइतकी जाड काच दिसली असती, तर बाहेर बसलेल्यांपैकी कोणीतरी विचारलंच असतं. म्हणून मी तिघांच्याही केसपेपरवर लिहिलं, "पडदा कमजोर. यापेक्षा दृष्टी सुधारणार नाही."

पडदे ठणठणीत होते. मी स्वतः पाहिले होते.

घड्याळवाल्यांनी तेव्हा मला हात जोडले. म्हणाले, "एवढं दिसतंय तेही खूप." मी म्हटलं, "काळजी घ्या." पुढच्याला बोलावलं.

आता तुला माझा राग आला असेल, तर तो एकवीस वर्षं उशिराने येतोय, कारण खरं प्रकरण तुला माहीतच नव्हतं. तू माझ्यावर फार थोडक्यासाठी चिडला होतास.

वही पेन्सिलला पाठवायची तर पाठव. मी आता काही म्हणत नाही.

ताई

१९ मार्च

बारक्या,

तुझ्या वहीची वाट न बघता आज सकाळी सांगून टाकलं. असं वाचून तुला वाटेल ताईने शौर्य केलं. नाही रे. तू वही पाठवलीच असशील, उद्या-परवा तिच्या टेबलावर येईल, त्याआधी आपल्या तोंडून गेलेलं बरं, हाही हिशेब त्यात होता. माझ्यात स्वच्छ असं काही राहिलेलं नाही, जे केलं ते सांगते.

ती लेन्सच्या कपाटाशी उभी राहून डब्या मोजत होती. मी दार लावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. छत्तीस ते सत्तेचाळीस. साफ प्रत. तुझ्या नावावर ढकललेली चूक. तिघांचे केसपेपर. दहा मिनिटंही लागली नाहीत. एवढ्या मोठ्या गोष्टीला दहा मिनिटं पुरतात हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

तिने पेन्सिल कपाटावर ठेवली. म्हणाली, "तुमच्या भावांचं उत्तर परवाच आलं."

"काय लिहिलं?"

"एक ओळ. वही माझ्याकडे आहे, पण ताईने सांगितल्याशिवाय देणार नाही."

मी स्टुलावर बसले. म्हणजे तू कोणालाच काही पाठवलं नव्हतंस. मी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. बारक्या, तू असं का केलंस? माझ्यावर इतका विश्वास ठेवण्यासारखं मी तुला आयुष्यात काय दिलं? मी तिथे, त्या पोरीसमोर, रडले. तिने पाणी आणून दिलं आणि दार धरून उभी राहिली, कोणी आत येऊ नये म्हणून.

माझं रडणं आवरल्यावर ती म्हणाली, "मला हे लिहावं लागेल मॅडम. सगळं."

मी म्हटलं, "लिही. वहीपण मागव. आणि मुख्य म्हणजे नाव विचारायची पायरी पुस्तकात घाल. अर्धं मिनिट लागतं म्हणून कोणी कुरकुरलं तर त्याला माझ्याकडे पाठव."

आईला संध्याकाळी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला वाटत होतं तू तुझ्या हट्टाने घर सोडलंस. एकवीस वर्षं दर रविवारी ती तुला फोनवर ताईशी जमवून घे म्हणायची आणि तू हो-हो म्हणायचास. माझी चहाडी तू आईकडेसुद्धा केली नाहीस. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोराला तू माझ्या घरातून घालवलंस." मग स्वतःच्या खोलीत गेली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

ताई

२७ मार्च

बारक्या,

चोवीसला सह्या झाल्या नाहीत. करार चार महिने पुढे गेला. पद्धत राहणार, पण प्रत्येक लेन्स रुग्णाच्या तोंडून नाव ऐकून आणि डबीवर वाचूनच उघडायची, असं आता पहिल्या पानावर येणार आहे. माझं नाव मुखपृष्ठावरून गेलं. मागच्या पानावरची आत्याही गेली.

चोवीसच्या बैठकीत आमच्या संस्थेच्या साहेबांनी मला बोलू नका म्हणून सुचवून पाहिलं. म्हणाले, "दोन वर्षांत निवृत्त होताय. कशाला?" साहेब वाईट नाहीत, माझ्यासारखेच आहेत. मी बोलले. चौदा देशांची माणसं कानाला ते भाषांतराचं यंत्र लावून बसली होती, त्यामुळे मी वाक्य संपवलं की दोन सेकंदांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते पोचायचं. लघवीला उठलेल्या आजोबांपाशी एक जण हसला आणि पुढचं वाक्य पोचल्यावर त्याचं हसू गेलं. दुसऱ्या एका बाई उठून म्हणाल्या, आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालंय, आम्हीही मोजणाऱ्यालाच काढून टाकलं. आणि त्या खाली बसल्या.

त्या अहवालाला दुरुस्ती जोडली आहे. "सर्व मोजण्या अचूक होत्या." मी ते वाक्य तिथे मोठ्याने वाचलं आणि छापील प्रत सोबत ठेवलीय. तुझी गेलेली वर्षं त्याने परत येत नाहीत, मला माहीत आहे. भिंतीवर लाव किंवा फाडून टाक.

मला घरी बसायला सांगितलंय. चौकशी होईल, परवाना राहील किंवा जाईल. खरं सांगू, भीती वाटते. पस्तीस वर्षं मी सकाळी सहाला हात घासून उभी राहिले आहे. परवा सहाला उठले आणि उगीचच मोरीत उभी राहून कोपरापर्यंत हात धुतले.

रविवारी तुझा फोन आला. मी नळ सोडला नाही, बाहेरच बसले. आईने बऱ्याच वेळाने ठेवला. म्हणाली, "आज बोललाच नाही गं. नुसता श्वास ऐकू येत होता." त्या तिघांमुळे ना? त्यांच्याकडे जायचं तू माझ्या शब्दावर सोडलंस, त्याचं तुला लागलं असणार. ती चूक तुझी नाही. तुझ्या वाटणीला ती घेऊ नकोस, ती माझी आहे.

परवा बंदराच्या गावाला निघते.

ताई

४ एप्रिल

बारक्या,

चाळीस नंबरचा क्रेनवाला सापडला नाही. ऑपरेशननंतर त्याला क्रेनवरून उतरवलं होतं, मग तो गाव सोडून गेला, कुठे ते कोणालाच सांगता येत नाही. चव्वेचाळीसची बाई आठ वर्षांपूर्वी वारली. तिची मुलगी दारात उभी राहूनच बोलली. म्हणाली, "आई सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरांना बोलवायची, मग एक दिवस मशीनच विकून टाकलं." मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं, म्हणाली, "आता जा तुम्ही," आणि दार लावलं. बरोबरच केलं.

एक्केचाळीस आहेत. शहात्तर वर्षांचे. दुकान तेच आहे, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दोन पायऱ्या खाली. दुरुस्तीचं काम मुलगा करतो. म्हातारे आत खुर्चीवर बसून असतात, मुलगा घड्याळ कानाशी नेऊन देतो तेव्हा आवाजावरून काय बिघडलंय ते सांगतात. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभे राहिले. डॉक्टरीणबाई आल्या म्हणून मुलाला चहा आणायला धाडायला निघाले. मी म्हटलं, आधी डोळा बघू द्या.

तपासणीची काचांची पेटी मी बरोबर नेली होती. तक्ता समोरच्या भिंतीला टांगला, त्यांच्या नाकावर ती लोखंडी चौकट चढवली आणि आठची काच घातली. त्यांनी वरची ओळ वाचली. मग दुसरी. मग न थांबता खाली उतरत गेले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मान वळवून मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा कपाळावर व्रण कसला रे?"

"शटर लागलं होतं बाबा. अकरा वर्षं झाली."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं की. तुम्ही हात लावून पण बघितला होता."

मग मी सांगितलं. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, गोल गोल फिरवू नकोस. फिरवलं नाही. तुझं माप बरोबर होतं, लेन्स दुसऱ्याची होती, पडदा चांगला होता, मी खोटं लिहिलं. मुलाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. म्हाताऱ्यांनी विचारलं, "ही काच तेव्हा दिली असती तर?"

"दिसलं असतं."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"मग दिली का नाही?"

"जाड होती. लोकांनी विचारलं असतं."

त्यांनी मान हलवली. गिऱ्हाइकाने घड्याळ पाण्यात पडल्याचं कबूल केल्यावर हलवत असतील तशी. रागावले नाहीत, निदान मला दिसेल असं नाही. मुलगा रागावला. तो मला बाहेर व्हा म्हणाला आणि म्हाताऱ्यांनी त्याला हाताने थांबवलं, कारण त्यांना दुसऱ्या डोळ्याचं विचारायचं होतं.

त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालाय. दहा-बारा वर्षं त्या डोळ्याने काही दिसत नाही. ऑपरेशन केलं नाही, कारण केसपेपर त्यांनी जपून ठेवलाय आणि त्यावर मी लिहिलंय पडदा कमजोर. एक डोळा असा, तर दुसरा कशाला कापायचा, असं त्यांना वाटलं. म्हणजे माझ्या त्या दोन शब्दांत त्यांचा दुसरा डोळाही गेला होता, आणि ते मला तिथे बसेपर्यंत माहीत नव्हतं.

मी तपासलं. उजेड कुठून येतो ते त्या डोळ्याला नीट कळतंय. अजून होण्यासारखं आहे, पण आता थांबून चालणार नाही. डोळ्यातली मूळची लेन्स आधीच फुगायला लागलीय. मी म्हटलं, परवानगी मिळाली तर मी स्वतः करते, आयुष्यात कधी केलं नाही इतक्या काळजीने करते.

म्हणाले, "तुमच्या हातून नको, बाई."

एवढंच. आवाज चढवला नाही. मला एक लाख डोळ्यांमध्ये असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

मग ती चौकट नाकावर सावरत त्यांनी विचारलं, "तेव्हा ते मोजणारे होते ना, तुमचे भाऊ? त्यांचं तर बरोबर होतं म्हणता. त्यांना विचारा, मी कोणाकडे जाऊ. ते सांगतील तिथे जाईन."

बारक्या, मी जगातल्या निम्म्या डोळ्यांच्या डॉक्टरांना नावाने ओळखते, त्यांतले कितीतरी मी शिकवलेत. पण मी सुचवलेल्या कोणाकडेही ते जाणार नाहीत. मी गावातच थांबलेय, बंदरासमोरच्या लॉजवर, पत्ता पाकिटामागे आहे. तू माझ्याशी बोलू नकोस. मला माफही करू नकोस. फक्त एका डॉक्टरचं नाव कळव.

ताई